आधी वेलांटी

आप्पा माणसाशी बोलताना त्याच्या तोंडाकडे बघत नसत, बोटांकडे बघत. समोरचा कॉम्प्युटरवर टाइप करत असेल तर पडद्याकडेसुद्धा त्यांचं लक्ष नसे. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि बोट कुठे अडखळतं ते न्याहाळायचे. नव्या माणसाला वाटायचं, हे साहेब आपल्या अंगठ्या बघतायत की काय! दिंडोरीला तहसील कचेरीबाहेर अर्ज टाइप करणाऱ्या सुनंदाताईंनी तर पहिल्या दिवशी हातच पदराखाली घेतले होते.

आप्पा देवरे मूळचे सटाण्याकडचे, सातपूरच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर विभागात होते. नव्वदच्या दशकात त्यांनी आम्हा चौघांना गोळा केलं आणि एका वर्कशॉपच्या माडीवर दर रविवारी आम्ही मराठी टाइप करायचा प्रोग्राम लिहायला बसू लागलो. तो ओपन सोर्स होता. म्हणजे फुकट तर होताच, पण तो आतून कसा लिहिलाय हेही सगळ्यांना खुलं. ज्याला हवं त्यानं घ्यावं, बदलावं, पुढे द्यावं. आप्पांचं वय काही फार नव्हतं, पण आवाज असा भारदस्त की 'आप्पा'शिवाय दुसरं काही तोंडात यायचं नाही. एरवी आमच्यासारखंच बोलायचे. अडलेलं काही सुटलं की मात्र आतली अहिराणी बाहेर यायची, "जमनं! जमनं शे!" आणि टेबलावर थाप.

पहिली सीडी झाल्यावर ते स्वतः स्कूटरवरून ती वाटायला गेले. पिंपळगावहून परत आले ते हसतच. कांद्याच्या अडतीवरच्या मुनीमजींनी विचारलं होतं, "साहेब, हे धारिका काय हाय? धार काढायची का?" फाइलला धारिका हा शब्द मी योजला होता, मोठ्या कौतुकानं. माझा चेहरा पडला. म्हणालो, "शब्द शुद्ध आहे. वापरून वापरून रुळेल."

"शब्द शुद्ध आहे, पण मुनीमजी माझ्याकडे बघून हसले नाहीत, स्वतःवरच हसले. त्यांना वाटलं आपल्यालाच कळत नाही," आप्पा म्हणाले. "फाइलच लिहा." मी लिहिलं. राग मात्र पुढच्या रविवारपर्यंत टिकला.

खरं भांडण पेटलं ते वेलांटीवरून. जुन्या मराठी टाइपरायटरवर 'कि' उठवायचा तर आधी ह्रस्व वेलांटी दाबायची आणि मग क. डोळ्यांना दिसते त्याच क्रमानं. आमचा जुना प्रोग्राम तसाच चालायचा. मग दोन हजारनंतर आपल्याकडे युनिकोड आलं, सगळ्या कॉम्प्युटरांवर चालणारी अक्षरांची पद्धत. त्यात अक्षरं साठवायची रीतच वेगळी, आपण उच्चारतो तशी. आधी क, मग वेलांटी. आम्ही चौघं हरखून गेलो. सगळं नव्यानं, स्वच्छ लिहायचं ठरलं. टाइपरायटरची पद्धत त्यात बसवायची तर काय जंजाळ! एकटी वेलांटी आली की तिला थोपवून धरा, पुढच्या अक्षराची वाट बघा, ते जोडाक्षर निघालं तर आणखी थांबा. ते लिहिण्यात काडीची मजा नव्हती. आम्ही म्हणालो, जुनं काढून टाकू, लोक शिकतील नवं.

आप्पा म्हणाले, "सुनंदाताईंनी टायपिंगच्या क्लासात परीक्षा दिली ती वेलांटी आधी दाबून. नवरा गेल्यावर त्याच बोटांवर घर चाललंय. आता त्यांची बोटं चुकीची ठरवायची?"

माझं डोकं तडकलं. "आप्पा, आपण फुकट देतोय! रविवार आपले, घरच्यांची बोलणी आपल्याला. कुणाचं काही देणं लागतो का आपण?"

"पाणपोई फुकटच असते. म्हणून रांजण उंचावर ठेवतात का?"

"पाणपोईवाल्यालाही तहान लागते!" मी ओरडलोच. "आम्ही हे आमच्या आवडीसाठी लिहितो. आवड मेली तर प्रोग्रामही मेला. मग तुमच्या ताईंना कोण देणार वेलांटी?"

आप्पा म्हणाले, "हेही खरं आहे." भांडणात समोरच्याचं खरं असेल तर ते असं सरळ कबूल करायचे, आणि तरी जागचे हलायचे नाहीत. आम्ही चौघांनी नवा प्रोग्राम पुढे नेला. वेलांटीचा तुकडा आप्पांनी एकट्यानं लिहायला घेतला. आमची प्रत्येक नवी आवृत्ती निघाली की तो तुकडा मोडायचा, आणि ते मुकाट्यानं पुन्हा जोडायचे.

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा केवढे वाळले होते! मला धास्ती होती, आता माझ्याकडून वचन मागतील. मी मनात नकारसुद्धा जुळवून ठेवला होता. पण त्यांनी काहीच मागितलं नाही. माझ्या मुलीची चौकशी केली, द्राक्षं खायला लावली, आणि "जपून जा, रस्ता खराब आहे," म्हणाले. महिन्याभरात गेले.

पुढची आवृत्ती निघाली, तेव्हा तो तुकडा मोडून पडला होता. दुसरं कोणी जाणारं नव्हतं म्हणून मीच दिंडोरीला गेलो, सुनंदाताईंना सांगायला की आता जुन्या आवृत्तीवरच भागवा. त्या म्हणाल्या, "कंपनीचे देवरे साहेब नाय आले का?" इतक्या वर्षांत त्या माणसानं, हे मी लिहिलंय, एवढंसुद्धा सांगितलं नव्हतं. मी म्हणालो, "ते गेले, ताई. आणि कंपनी वगैरे काही नव्हती. वेलांटीचं सगळं तेच घरी बसून करायचे."

त्यांचे हात कळांवरून खाली आले. "अरे देवा," म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "मंग आता आमची वेलांटी कोण बघणार?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस गेला, आणि हिला वेलांटीची पडलीय! तोंडापर्यंत आलं होतं. पण त्या विचारत होत्या ते पोटापाण्याचं होतं, आणि आप्पांनी त्यापुढे दुसरं काही कधी ऐकलंच नसतं. मी म्हणालो, "मी बघेन." म्हणालो खरा, आणि परतताना म्हसरूळच्या अलीकडे मोटरसायकल कडेला लावून ढसाढसा रडलो.

माझं मत अजून बदललेलं नाही. ज्याला लिहिण्याची गोडी नाही त्यानं लिहू नये, असंच मी नव्यानं येणाऱ्या पोरांना सांगतो. पण तो तुकडा आता माझ्याकडे आहे. मला स्वतःला त्या पद्धतीनं एक ओळ धड टाइप करता येत नाही, कधी गरजही पडली नाही. नवी आवृत्ती निघाली की तपासायला बसतो, आणि एकेक कळ शोधत, चुकत, पुसत जातो. आधी वेलांटी, मग अक्षर.