हिरव्या बर्फाचा समेट

आमच्या घरात दोन गट आहेत आणि दोन्ही एकाच पक्षाचे आहेत.

पक्ष फुटला तेव्हा बाबा एका गटात गेले, धाकटे काका दुसऱ्यात. लोहाऱ्यात आमच्या दोन घरांत भिंत एकच, पण दोघांत शब्द नाही! त्यात रविवारी काकांच्या पिंकीचा साखरपुडा. बाबा म्हणाले, "त्या गद्दाराच्या मांडवात पाय ठेवणार न्हाय!" घरचा थोरलाच नसेल तर पाहुणे काय म्हणतील? काकू रडून रडून अर्धी झाली.

आता, 'काळ कठीण असला की माणसांनी एकत्र बसून बोललं पाहिजे' अशी पत्रकं मी स्वतः बसस्टँडवर वाटलेली! म्हटलं, क्रांती घरापासून. मोबाईलवर बघून कॉकटेल शिकले. लिंबू, गूळ, सोडा, पुदिन्याचा बर्फ आणि बाबांनी कणगीमागं लपवलेली बाटली. (ती खोकल्याची आहे, असं आई अजून मानते.) संध्याकाळी दोघांना गच्चीवर बोलावलं, एकमेकांना न सांगता.

"ह्याला कुणी बोलावलं?" बाबा कडाडले.

"मी माझ्या पुतणीकडं आलोय, तुमच्याकडं न्हाय," काका म्हणाले.

"राजकारण बंद!" मी ओरडले आणि लगेच राजकारणावर भाषण सुरू केलं. बोलता बोलता ग्लासात हिरवे खडे टाकले. (मी तत्त्वानं निर्व्यसनी. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता!)

पहिला घोट बरा गेला. मग बर्फ विरघळू लागला. काकांचे कान लाल झाले, बाबांच्या टकलावर घाम फुटला. मला वाटलं, भाषण लागू पडतंय! मी आवाज चढवला.

"लई... कडक हाय," बाबा पुटपुटले.

"का? झेपंना व्हय?"

"मला? आरं, आमच्या गटाला सगळं झेपतं! तुझं बघ!"

"आमचा गट माघार घेत न्हाय!"

एकानं घोट घेतला की दुसरा त्याहून मोठा घेई. डोळे वाहिले, नाकं वाहिली, पण ग्लास कुणी खाली ठेवीना! शेवटी दोन्ही रिकामे झाले आणि दोघांचीही बोलती बंद. गच्चीवर पाण्याचा तांब्या एकच! काकांनी तो झडप घालून उचलला, बाबांकडं बघितलं आणि आधी थोरल्याच्या तोंडाला लावला.

नेमक्या तेव्हाच आई आणि काकू वर आल्या. बघतात तर दोघे भाऊ ढसाढसा रडतायत आणि एक दुसऱ्याला पाणी पाजतोय!

काकूनं हंबरडाच फोडला. "दादा, रविवारी येताय न्हवं?"

बाबांनी जोरजोरात मान हलवली. (त्यांना आणखी पाणी हवं होतं.) पण काकू तोवर गल्लीभर ओरडत सुटली, "दादा येतायत! दादा येतायत!" आता माघार कशी घेणार?

इतक्यात थंड पाणी आणायला खाली गेलेली आई फ्रिज उघडून किंचाळली, "आगं, माझं हिरव्या मिरचीचं वाटण कुठं गेलं? ट्रेमधी गोठवून ठेवलं हुतं!"

पुदिन्याचा ट्रे तसाच शाबूत होता.

रविवारी बाबा मांडवात सगळ्यांच्या पुढं बसले, शेजारी काका. माझा ऊर भरून आला. कठीण काळात संवादच माणसाला तारतो, हे पाहुण्यांना समजावून सांगायला मी माईक घेऊन उभी राहिले.

"हिला आधी खाली बसवा!" दोघे भाऊ एकदम ओरडले.

पक्ष फुटल्यापासून दोन्ही गटांनी एकमतानं मंजूर केलेला हा पहिला ठराव!