वर्षाला न सांगितलेला दुसरा रस्ता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. वर्षाला तर नाहीच. आणि आज बोलतोय म्हणून मला मोठ्या मनाचा ठरवू नका.

वर्षा माझी बायको. घाटकोपरला तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. तिच्या नाकामागे, कवटीच्या तळाशी गाठ निघाली, तेव्हा मी डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हटलं — काय असेल ते मला सांगा, तिला मी समजावतो. आपल्याकडे असंच करतात ना? पेशंट घाबरेल म्हणून?

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक नाकातून, दुर्बिणीने. बाहेर खूण नाही, पण बाजूला पसरलेली गाठ सगळी निघेलच असं नाही. दुसरा चेहऱ्यातून — नाकाच्या कडेने ओठापर्यंत चिरायचं, गाल उघडायचा. गाठ समोर दिसते. व्रण राहणार. "मी दुसरा सुचवीन," ते म्हणाले, "पण त्यांना विचारा."

बाहेर वर्षा एका बाईशी गप्पा मारत होती. त्या बाईच्या डोळ्यापासून ओठापर्यंत व्रण. मला बघून वर्षा उठून आली. "माझंही असं कापणार असतील तर कापू दे रे. मला काय पिक्चरमध्ये जायचंय? आणि शिवण बघ, माझ्या ब्लाउजपेक्षा साफ!"

मी हसलो — हसलो! आणि म्हणालो, "तुझं नाकातूनच होतं. दुसरा रस्ता नाही."

नंतर डॉक्टरांनी तिला विचारलं, नाकातूनच ठरलं ना, दोन्हींचा विचार केलात ना? "हो, ह्याने सांगितलंय मला सगळं," ती म्हणाली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

ऑपरेशन नाकातून झालं, गाठ थोडी उरली. ती वाढली. गाठीने डाव्या डोळ्याची नस दाबली, त्या डोळ्याने दिसेनासं झालं. आता चेहरा चिरा असंही कुणी म्हणेना — चिरूनही गाठ सगळी निघणारच नव्हती.

दुकान तिची बहीण बघते. शेजारी म्हणतात, बायकोच्या चेहऱ्याला धक्का लागू दिला नाही, असा नवरा मिळायला नशीब लागतं. वर्षाही तेच म्हणते. प्रेम म्हणायचं ह्याला? की मला नीट कळलं नव्हतं? खोटं. शब्द न् शब्द कळला होता. भीती तिला नव्हतीच. मला चिरलेल्या चेहऱ्यासमोर बसून जेवायचं नव्हतं — एवढंच.

चेहरा साफ आहे. मला हवा होता तसा. डाव्या बाजूने ताटात वाढायला गेलो की ती दचकते.