काकीजींची लिंबोणी

जेवण झालं की काकीजी ताटात फुलपात्रभर पाणी ओतायच्या, बोटांनी ताट कडेपर्यंत चोळायच्या आणि ते पाणी पिऊन टाकायच्या. मग ताट कोरड्या फडक्याने पुसायचं. जालन्यात त्यांच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा पहिलं दर्शन हेच घडलं. माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "काय बघून राह्यला, भाऊ? ताटात शीत राह्यलं की सडणार, सडलं की जीव पडणार, मंग आपण घासणीनं त्यांना मारणार. जेवून वर पाप कशाला?"

लगेच अट आली. "अंडं न्हाई, मटण न्हाई. बाहेर तू काय खातो ते मी विचारणार न्हाई. घरात आणायचं न्हाई, बिलकुल." मी कुंभार पिंपळगावचा, शेतकऱ्याच्या घरातला. आमच्याकडे पाहुणा आला की आधी कोंबड्यांना कळतं. पण एमआयडीसीत मी कामाला होतो तो बियाण्याचा कारखाना तिथून जवळ होता आणि खोलीसमोर अंगण होतं, म्हणून मान डोलावली. बायकोने तर मनापासून डोलावली, तिला अंगणच हवं होतं.

काकीजींचं कुटुंब राजस्थानातून येऊन कित्येक पिढ्या झालेल्या. काकाजी वारले होते, मुलगा व्यापारासाठी पुण्यात. मोठ्या घरात त्या एकट्या आणि अंगणाच्या कडेच्या खोलीत आम्ही. त्यांच्या घरातून कचरा असा निघायचाच नाही. भाजीची देठं गायीला, शिळी पोळी सकाळीच फोडणीला. आमची बादली मात्र घंटागाडीत रिकामी व्हायच्या आधी त्या डोकावून बघायच्या, आणि पेपर वाचावा तशी वाचायच्या. "शेपू सगळीच फेकली? रात्री भांडण झालं का?" झालेलं असायचं. "मोसंबीच्या साली दिसून राह्यल्या. गावाकडून कोणी आल्तं?" आलेलं असायचं. माझी बायको म्हणायची, या घरात मनातलं एक वेळ लपवता येईल, बादलीतलं नाही.

चातुर्मासात साध्वीजी गावातल्या जैन स्थानकात मुक्कामाला असत. त्या भिक्षेला कधी, कोणाच्या घरी जातील हे आधी कळत नाही. आपल्या घरचं साधं जेवण तयार असेल, त्यातलंच थोडं द्यायचं. काकीजींचं घर स्थानकापासून लांब, नव्या वस्तीत. तरी त्या रोज सकाळी दार उघडून उंबऱ्याशी उभ्या राहायच्या. भिक्षेची वेळ टळल्याशिवाय स्वतः घास घ्यायच्या नाहीत. त्या वर्षी साध्वीजी आमच्या गल्लीत एकदाही आल्या नव्हत्या. "माझं भाग्य असंल तर येतील," एवढंच म्हणून त्या जेवायला बसायच्या.

त्याच चातुर्मासात कामावरून येताना माझी मोटारसायकल घसरली आणि नडगीचं हाड मोडलं. प्लास्टर घालून मी खिडकीशी खाटेवर आडवा पडलो. बातमी कळताच आई गावाकडून एसटीने आली ती पिशवीत मोठा डबा घेऊनच. डब्यात बोकडाच्या पायांचा रस्सा. बायकोने झाकण उघडलं आणि तसंच दाबून बसवलं.

"अहो आई, हे इथं नाही चालत."

"चालत न्हाई तर न्हाई," आई म्हणाली. "इथं कोण चुलीवर ठिवतंय? पोरगं आडवं पडलंय. हाडाला हाडच लागतंय. पिऊ दे त्याला."

मी प्यायलो. खोटं कशाला बोलू, दोन वाट्या प्यायलो. खरा प्रश्न पुढे होता, हाडांचं काय करायचं? बादलीत टाकायची तर काकीजी वाचणार. बायको म्हणाली, पिशवीत बांधून बाजाराला जाताना कुठेतरी टाकते. तोवर आईची नजर अंगणातल्या लिंबोणीवर गेली होती. झाड डेरेदार होतं, पण फळ धरत नव्हतं. आमच्याकडे लिंबोणीच्या बुडाशी हाडं पुरतात, फळ चांगलं धरतं म्हणून. काकीजी दुपारी स्थानकात गेल्या, तेवढ्यात आईने आम्हाला न विचारता काम उरकलं. घरात कुदळ नव्हती, म्हणून उलथन्याने. हात धुऊन आत आली आणि म्हणाली, "म्हातारीच्या झाडाचं बी भलं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकीजी नेहमीसारख्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. फाटक उघडंच होतं. मी खिडकीतून बघत होतो. गल्लीतलं एक कुत्रं आलं, लिंबोणीखाली दोन पाय मारले आणि एक हाड तोंडात धरून ऐन अंगणात येऊन बसलं. मी बायकोला हाक मारणार, तोच कुत्रं हाड टाकून पळालं. कारण फाटकात दोन साध्वीजी उभ्या होत्या. पांढरी वस्त्रं, तोंडाला मुखपट्टी, झोळीत लाकडी पात्रं.

"पधारो, पधारो," म्हणत काकीजी पायऱ्या उतरल्या. त्यांचा तो चेहरा मी आधी कधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. दोन पावलांवर त्यांना हाड दिसलं. साध्वीजींना अजून दिसलं नव्हतं. काकीजी एक पाऊल पुढे सरकल्या असत्या तरी साडीच्या घोळाखाली ते झाकलं गेलं असतं. मी खाटेवरून मनातल्या मनात म्हणत होतो, सरका काकीजी, सरका.

त्या सरकल्या नाहीत. तिथेच उभं राहून त्यांनी हात जोडले. "महासतीजी, आज मेरा आंगन आपके लायक नहीं है. माफ करना."

मोठ्या साध्वीजींनी कारण विचारलं नाही. "दया पालो," असा आशीर्वाद दिला आणि दोघी आल्या तशा परत फिरल्या.

काकीजी फाटकाकडे बघत राहिल्या. आई बाहेर गेली, मागोमाग बायको. आईने पदर सावरला आणि सरळ सांगून टाकलं, "सुनंचा दोष न्हाई. पोराच्या पायासाठी म्या आणलं, म्याच पुरलं. झाडाला खत व्हईल म्हणलं."

"किती खोल?" काकीजींनी विचारलं.

हे का विचारतायत ते आईला समजलं नाही. "इतभर असंल," तिने हाताची वीत दाखवली.

"इतभर? शेतात राह्यती ना तू? इतभर पुरलं की कुत्रं येणार, माश्या येणार, किडे पडणार. मंग त्यांच्यावर तुझी सून गरम पाणी ओतणार. खाल्लं ते तुझं तू बघ. पण माझ्या मातीत हजार जीव जन्मले आणि मेले, तर त्याचा हिशेब कोणाकडं?"

आई माझी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही. त्या दिवशी घेतलं. मग खाली बसून तिने हाताने सगळी माती उकरली आणि एकूण एक हाड वेचून डब्यात भरलं. काकीजी लांब उभ्या राहून, नाकाला पदर लावून सांगत होत्या, "तिथं बघ. मुळापाशी बघ, अजून एक है. डबा गावाला घेऊन जाय, शेतात कमरेइतका खड्डा कर."

बायको रडत आत आली आणि भांडी पोत्यात भरायला लागली. कढई, परात, डबे सगळं भरून सुतळीने तोंड बांधलं. स्वयंपाकापुरती दोन पातेली बाहेर ठेवली. मी प्लास्टरकडे बघत हिशोब करत होतो की या पायाने टेंपोत चढायचं कसं. शेवटी बायकोनेच दारातून विचारलं, "काकीजी, खोली कधी खाली करायची?"

"पाय उभा राहीना त्याचा, आणि खोली खाली करती? पाय बराबर होऊ दे. मंग बोलू."

थोड्या वेळाने त्या स्वतः ताट घेऊन आल्या. मुगाची डाळ, तूप लावलेले फुलके, कैरीचं लोणचं. साध्वीजींना त्यातलंच देणार होत्या. "जेव," म्हणाल्या. "आज माझा उपवास है. घरात दुखणाईत माणूस असून ताट कशाला सडवायचं?" मी जेवलो.

काकीजी आता नाहीत. त्यांच्या समाजातली माणसं त्यांच्या व्रतांबद्दल, तपाबद्दल बोलतात. मला त्या आठवतात त्या हाडाच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या. भाग्य दारात आलं होतं, तरी साडीचा घोळ त्यांनी हाडावर सरकू दिला नाही.

"मंग बोलू" हे दोन शब्द प्लास्टर निघेपर्यंत आमच्या डोक्यावर टांगलेले होते. बायको रोज त्या दोन पातेल्यांत भागवत होती. पोतं सोडलं की निघायचं अवघड होईल, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मला नीट चालता यायला लागलं तशी मी कुबडी ठेवून त्यांच्या ओट्यावर गेलो. म्हटलं, "काकीजी, पाय बराबर झाला. खोलीचं बोलायचं होतं."

त्या गहू निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "हां, बोलायचं होतं. मागच्या भिंतीला ओल धरून राह्यली. पाऊस संपला की चुना मारून घे."

मी घरात येऊन बायकोला सांगितलं. तिने पोतं ओढून मध्ये आणलं, सुतळी सोडली आणि भांडी फळीवर लावायला घेतली. आनंदात तिचा हात जोरात चालत होता. कढई आपटली, परात घरंगळली, डब्यांची झाकणं खाली पडली. तेवढ्यात अंगणातून काकीजींचा आवाज आला.

"काढली का गं भांडी? दोन पातेल्यांत किती दिवस काढती, तेच बघून राह्यल्ते मी."