आमदारकीनंतर पुन्हा नगरसेविका

परवा नीलिमा गेली आणि आज मी तिच्या फ्लेक्सवरून भांडून आले.

आमच्या भिसेगावची मुलगी. कॉलेजात माझ्या शेजारी बसायची. लग्न होऊन कॅनडात गेली. तिथल्या एका लहान शहरात आधी नगरसेविका झाली, मग त्यांच्या प्रांताच्या विधिमंडळात गेली. म्हणजे आपल्याकडची आमदार.

तेव्हा इथे पेढे वाटले होते.

मग तिथल्या सरकारने तिच्या शहरातल्या हॉस्पिटलची इमर्जन्सी रात्रीची बंद करायचं ठरवलं. सरकार तिच्याच पक्षाचं.

तिने विरोधात मत दिलं.

पक्षाने तिकीट कापलं. अपक्ष उभी राहिली. पडली.
इमर्जन्सीही वाचली नाही.

"तिकडं जाऊन पण पडलीच का?" हे मी कर्जतच्या बाजारात माझ्या कानांनी ऐकलंय. बोलणारे आज तिच्या फ्लेक्सवर हात जोडून उभे आहेत.

त्यानंतर तिने जे केलं ते आपल्याकडे कुणी करत नाही.
पुन्हा नगरपालिकेला उभी राहिली. निवडून आली. जाईपर्यंत नगरसेविकाच होती.

मी फोनवर स्पष्ट विचारलं होतं, "आमदारकी केल्यावर पुन्हा गटारं? कमीपणा नाही वाटत?"

"कसला गं कमीपणा? तिकडे पक्ष सांगेल तेव्हा हात वर करायचा. इथे मी फूटपाथवरचा बर्फ काढायला लावते आणि म्हातारी माणसं दवाखान्यात पोचतात. तू ये, तुझ्याही हातात फावडं देते."

उद्या तिची शोकसभा. फ्लेक्सवर छापलंय, 'कॅनडातील माजी आमदार'. बस. पुढचं काही नाही.

छपाईच्या दुकानातच संदेशला गाठलं. आमच्या वॉर्डाचा पुढारी, माझा जुना विद्यार्थी.

"बाई, आमदार लिवलंय ना? मग नगरसेवक कशाला? नगरसेवक तर आमच्या आळीत पण हाय."

"ती शेवटपर्यंत तेच होती. लिही. आणि आमदारकी का गेली, तेही लिही."

"बाई, तुमी पण ना! शोकसभा हाय, त्यात भानगडी कशाला? आनि जागा कुठं हाय?"

"खालची तुमच्या फोटोंची रांग काढ. जागाच जागा."

दुकानदार हसला. संदेश हसला नाही.

फ्लेक्स आहे तसाच लागणार, मला माहीत आहे. लागू दे.

सभेत मला 'दोन शब्द' बोलायला सांगितलंय. मी दोन शब्दांवर थांबणार नाही. ज्यांना तिच्या पडण्याची लाज वाटते, त्यांनी घरी बसावं. तिला वाटली नाही. मत देताना तिला पुढचं सगळं दिसत होतं.

नीलिमा, मनापासून निरोप.
उद्या तुझ्याबद्दल सगळं सांगणार आहे.
तू पडलीस, तेसुद्धा.