हिरामावशीच्या तोंडातला उजेड

हिरामावशी गेल्याचा फोन आला, तेव्हा मी बोईसरच्या कारखान्याच्या ऑफिसात हजेरी भरत होते. फोन ठेवला, उरलेली नावं भरली आणि मग उठले. त्याचा राग अजून येतो... माझाच मला. आईची ही धाकटी बहीण. चाळीस वर्षं सातपाटीची मासळी पाटीत घेऊन पालघरच्या बाजारात बसली, आणि आई लवकर गेल्यावर मला तिनेच वाढवलं.

गेल्या वर्षी तिच्या गालाच्या आत कॅन्सर निघाला. जन्मभर दातांना लावलेल्या तंबाखूच्या मशेरीने दावा साधला. रेडिएशनसाठी ती माझ्याकडे राहायला आली. तिसऱ्या आठवड्यात तोंडभर फोड आले, पाण्याचा घोटही उतरेना. डॉक्टर म्हणाले, खाणं असंच बंद राहिलं तर उपचार मध्येच थांबवावे लागतील, आणि खंड पडणं बरं नाही. म्हणून त्यांनी रोज फोडांवर लाल उजेड द्यायला सुरुवात केली. बोटाएवढी कांडी, डोळ्यांवर काळा चष्मा, पाच-दहा मिनिटं. ना चटका, ना टोचणी. मावशी मला म्हणाली, "ह्या बॅटरीनं काय होनार हाय?"

पण चार दिवसांत कण्हणं कमी झालं, पेज उतरू लागली. मग रविवार आला. इस्पितळात सुट्टी, म्हणून ती हट्टाने सातपाटीला घरी गेली. दुपारी आणायला गेले तर घरात नाही. शोधते तर काय, बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमध्ये, भर उन्हात, आ वासून बसलेली! आमच्याकडे मासळी असो नाहीतर गादी, टिकवायची तर उन्हाला दाखवायची.

"मावशी, हे काय चाललंय?"

"तिकडं इवलासा देतात. हितं ढीगभर हाय."

जीभ सुकून चिरली होती. सोमवारी पुन्हा पाणी बंद. डॉक्टर रागावले नाहीत. तो उजेड मोजून-मापूनच द्यायचा असतो, उन्हाने तोंड नुसतं कोरडं पडतं, एवढंच त्यांनी समजावलं. परतताना रिक्षात माझाच धीर सुटला. म्हटलं, "पुरे मावशी. नको आता हे रेडिएशन." ती एकेक शब्द सांभाळत म्हणाली, "मी थकले तर तू वढून ने, बाय. तूच थकलीस तर मी कोनाच्या जिवावर जाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून तिने उजेडासाठी निमूट तोंड उघडलं. फोड हळूहळू आटले आणि रेडिएशनची एकही खेप चुकली नाही. पुढे आजार फुप्फुसात उतरला, तिथे कुणाचंच चाललं नाही. पण ती शेवटच्या आठवड्यापर्यंत माझ्या हातचं जेवली, माझ्याशी भांडली. त्या लाल उजेडाचे उपकार मी विसरणार नाही.

तिला जाऊन आता महिना झाला. परवा कालवण करताना मीठ-मिरची घालायच्या आधी माझ्या हाताने आपसूक वाटीभर रस्सा बाजूला काढला. वर्षभराची सवय ती. मी ती वाटी घेऊन ओट्यापाशीच बसले आणि पहिल्यांदा चाखली. इतके दिवस तिला भरवलं, पण स्वतः कधी तोंडात घातलं नव्हतं. अळणी, उग्र वासाचं नुसतं पाणी... घशाखाली उतरेना. आणि ती बया रोज वाटी बोटाने पुसून खायची. म्हणायची, "बेस झालाय बाय. अगदी तुझ्या आईवानी."

मी रडत रडत ती वाटी संपवली.