अमावास्येचा मॅटिनी शो

थिएटरात जाऊन पिक्चर बघायचे दिवस संपले, हे आमच्या नात्यागोत्यात सगळ्यांत आधी मीच जाहीर केलं. ओझरच्या विमानांच्या कारखान्यात मी तेहतीस वर्षं काढली. जिथल्या तिथे नसलेली गोष्ट मला सहन होत नाही. पुढच्याचं डोकं आडवं येणं, मागच्याचे गुडघे पाठीत टोचणं, शेजारच्याने फोनवर घरच्या भाजीची चौकशी करणं, ह्या सगळ्याचा मला मनापासून वैताग यायचा. त्यामुळे आमच्या गंगापूर रोडच्या घरात मोठा टीव्ही आला, तेव्हा भेटेल त्याला मी पटवत सुटलो. दोन महिने थांबा, तोच पिक्चर घरात येतो. पाय पसरून बघा, हवा तिथे थांबवा, कंटाळा आला तर बंद करा. बायको म्हणायची, "अहो, दुकानदार तरी इतकं बोलत नाही."

ह्या उत्साहाच्या भरात मी माझ्या थोरल्या बहिणीचं नुकसान केलं. वाईट हेतूने नाही, चांगल्या हेतूनेच केलं, पण त्यामुळे नुकसान काही कमी झालं नाही.

ताई विंचूरला दिली आहे. घरची शेती आणि जोडीला कांद्याचा व्यापार. बाजार चालू असला की तिच्या घरात पहाटेपासून राबता असतो. ट्रॅक्टरवाले, हमाल, कांदा निवडायला येणाऱ्या बाया, सगळ्यांचा चहा तिच्याच चुलीवर, आणि घरातल्या दहा-बारा माणसांचं जेवण वेगळं. तिकडे अमावास्येला कांद्याचे लिलाव बंद ठेवायची जुनी रीत होती. म्हणजे महिन्यातून एक दिवस त्या घराला उसंत. त्याच दिवशी ताई नाशिकला यायची आणि आम्ही दोघं बहीणभाऊ बारा वाजताचा मॅटिनी बघायचो.

हे कसं सुरू झालं ते आता नीट आठवत नाही. मला नोकरी लागली, स्कूटर आली, आणि एकदा कधीतरी मी तिला पिक्चरला नेलं, तिथून पुढे ते चालूच राहिलं. तिच्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या की आवसेला प्रवास करू नये. ताई म्हणाली, "मग बाजार चालू असताना जाऊ का?" विषय तिथेच मिटला. इकडे मी कारखान्यात दर अमावास्येला पाळी बदलून घ्यायचो किंवा रजा टाकायचो, म्हणून आमच्या विभागातली मंडळी मला मांत्रिक म्हणायची. एकाने तर गंभीरपणे विचारलं होतं की लिंबू-मिरचीचं गिऱ्हाईक कुठलं असतं.

ताई सकाळच्या एसटीने जुन्या सीबीएस स्टँडवर उतरायची. पदर खोचलेला, हातात पिशवी, पिशवीत माझ्या घरासाठी काहीतरी असायचंच. आम्ही थेट टॉकीजवर जायचो. पिक्चर कोणता लागलाय हे तिने कधीच विचारलं नाही. आत गेलो की ती कडेची खुर्ची धरायची, चपला काढून पाय वर घ्यायची, दिवे गेले की डोक्यावरून पदर ओढायची, आणि पाच-दहा मिनिटांत झोपलेली असायची. पडद्यावर मारामारी असो, लग्न असो, कोणी मरो, ताईला काही फरक पडत नसे. मध्यंतराला उठायची, चहा प्यायची, "लय भारी हाय ना?" म्हणायची आणि परत पदर ओढायची.

मी तिला खूप चिडवायचो. पण खरी पंचाईत नंतर असायची. घरी गेल्यावर जावा आणि सासूबाई गोष्ट ऐकायला बसत. मग मी तिला परतीच्या बसपर्यंत स्कूटरवर अख्खा पिक्चर सांगायचो. वाऱ्यात तिला अर्धं ऐकू यायचं. कोणाचा कोण भाऊ आणि कोणी कोणाला का मारलं, हे ती पुन्हा पुन्हा विचारायची. त्या अर्ध्यामुर्ध्या सामानावर ती घरी जाऊन अशी काही गोष्ट रंगवायची की एकदा दाजींनी मला विचारलं, "पाव्हणं, त्या हिरोच्या आईला शेवटी दिसायला लागलं का?" त्या पिक्चरमध्ये हिरोला आईच नव्हती.

पुढे एकेक टॉकीज पडली, त्यांच्या जागी दुकानांचे मजले उभे राहिले. आम्ही मॉलमधल्या थिएटरात जायला लागलो. तिथल्या सरकत्या जिन्याला ताई घाबरायची, पण खुर्च्या तिला फार आवडल्या. मऊ होत्या, आणि मागे रेलता यायचं. तिची झोप आणखी गाढ झाली. मग करोनात सगळंच बंद झालं. थिएटरं उघडली तेव्हा ताई परत यायला लागली, पण माझाच उत्साह आटला होता. मी निवृत्त झालो होतो, घरात मोठा टीव्ही होता, आणि मॉलपर्यंत जाऊन बहिणीला झोपवून आणायचं, हे मला जरा हास्यास्पद वाटायला लागलं होतं. झोपायचंच आहे तर घरी झोप, असं मी तिला एकदा म्हणालोसुद्धा. ती हसली होती.

त्या वर्षी भाऊबीजेला मी तिला टीव्ही दिला. पंचावन्न इंची. इतकी वर्षं साडी आणि पाकीट चालायचं, त्यापेक्षा काहीतरी कायमचं द्यावं असं मनात होतं. मी स्वतः भिंतीला पाणसळ लावून तो बसवला, इंटरनेट जोडून दिलं, दाजींना सगळी बटणं शिकवली. दाजी लहान मुलासारखे खूश झाले. सगळ्या घराने मला डोक्यावर घेतलं. ताईने मला ओवाळलं, टीव्हीकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "लय मोठा हाय रं." मग ती करंज्या आणायला आत गेली. परतीच्या वाटेवर निफाड येईपर्यंत मी स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. बायको शेजारी गप्प बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "ताईंना विचारलं होतंत का, त्यांना हवाय का म्हणून?" असला प्रश्न फक्त बायकाच काढू शकतात, असं काहीतरी मी बोललो.

पुढच्या अमावास्येला ताई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की म्हणायची, "आता कशाला भाऊ? घरातच दिसतं." आणि मागून दाजींचा आवाज यायचा, "पाव्हणं, तुम्ही घरातच थेटर आणून दिलं, आता एसटीचे हाल कशाला?" मला आधी बरं वाटलं. माझंच म्हणणं खरं ठरत होतं. पण अमावास्येला बारा वाजले की मला चुकल्यासारखं व्हायचं. एकदा मी एकटाच जाऊन बसलो. हॉलमध्ये मोजून चार माणसं होती. पिक्चर बरा होता, मी पूर्ण बघितला, आणि बाहेर आल्यावर कोणाला सांगू हे कळेना. घरी आलो तर बायको म्हणाली, "इथे बसून उसासे टाकण्यापेक्षा विंचूरला जाऊन या."

गेलो. मुद्दाम अमावास्या बघूनच गेलो. दुपारी जेवणं उरकली होती आणि घरातली माणसं टीव्हीसमोर बसली होती. दाजी खुर्चीत, मुलं-सुना खाली सतरंजीवर. पिक्चर नुकताच सुरू झाला होता. ताई मेथीची जुडी घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसली होती, तिथूनही पडदा दिसायचा. मीच तसा बसवला होता, कुठूनही दिसेल असा.

पाच मिनिटांत कोणाला पाणी हवं होतं. ताई उठली. मग दाजींना सुपारी. मग नातवाला दूध. मग बाहेर कोणीतरी नुसतं भेटायला आलं, त्याच्यासाठी चहा. प्रत्येक वेळी ती परत येऊन मेथीशी बसायची आणि बसते न बसते तोच कोणीतरी हाक मारायचं. कोणी दुष्टपणाने नाही. सुना उठायला तयार असायच्या, पण हाक ताईच्याच नावाने यायची, आणि ती हातातलं टाकून उठायची. मध्ये एकदा तिने भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. तो चेहरा मला ओळखीचा वाटला. इतकी वर्षं अंधारात मी तो शेजारच्या खुर्चीत बघितला होता. तेवढ्यात दाजी म्हणाले, "अगं, ते चार्जर कुठं ठेवलंय?"

मी उठून तिच्या मागे आत गेलो. "ताई, ह्या टीव्हीवर तू एक तरी पिक्चर पुरता बघितलास का?"

"बघते की. येता-जाता."

"तिथेही कुठे बघायचीस म्हणा. झोपायचीस."

ती मेथीची देठं गोळा करत होती. म्हणाली, "नेहमी झोप नाय यायची, भाऊ. पडून राहायचे डोळे मिटून." मग माझ्याकडे न बघता, "तिथं मला कोणी हाक मारत नव्हतं. तीन तास. इथं आजारी पडले तरी हाक चुकत नाय."

मला माझी लाज वाटली. तेहतीस वर्षं मी विमानाच्या भागातला केसाएवढा फरक ओळखत होतो आणि माझी बहीण शेजारच्या खुर्चीत काय करते आहे हे मला कळलं नव्हतं. तिला घराबाहेर पडायला एकच कारण होतं, आणि ते मी खोक्यात भरून तिच्याच भिंतीवर टांगून आलो होतो. बायको गप्प का बसली होती, ते आत्ता माझ्या डोक्यात शिरलं.

मी लगेच दुरुस्तीला लागलो. स्वभाव. बाहेर येऊन दाजींना म्हणालो, "एक मोठा पिक्चर येतोय. तो मोठ्या पडद्यावरच बघायला पाहिजे. ताईला पुढच्या अमावास्येला पाठवा."

दाजी हसले. "दोन महिने थांबा, पाव्हणं. घरातच येईल."

माझीच वाक्यं होती, शब्दन् शब्द. मी म्हणालो की आवाज तिथला वेगळा असतो. दाजी म्हणाले की हा आवाजही तुम्हीच तर लावून दिलाय. मी म्हणालो की गर्दीत बघायची मजा निराळी. ते म्हणाले, गर्दीचा तर तुम्हालाच वैताग. मी पुरता तोंडघशी पडलो. थोरली सून तोंडाला पदर लावून हसत होती.

ताई दारात आली. हात ओले होते, ते तिने पदराला पुसले. "मी पुढच्या आवसेला नाशिकला जाणार हाय," ती म्हणाली.

"कोणता पिक्चर हाय?" दाजींनी विचारलं.

"मला नाय माहीत."

"मग इथंच बघू की. चांगला मोठा..."

"पिक्चर बघायला नाय जात मी," ताई म्हणाली. "कधीच नाय गेले. थेटरात पदर घेऊन पडून राहते. तिथं कोणी उठवत नाय, म्हणून जाते." आवाज चढलेला नव्हता. बाजरी दळायला टाकली आहे हे सांगावं इतक्याच आवाजात ती बोलली. "महिन्यातनं एक दिवस. बाजार तेवढा बंद राहतो, तर मी पण राहते."

टीव्हीत कोणीतरी गात होतं. थोरल्या सुनेचं हसू थांबलं होतं. दाजी बायकोकडे बघत राहिले. मला वाटतं, इतक्या वर्षांत तिने त्यांना सांगितलेल्या पिक्चरच्या सगळ्या गोष्टी त्यांना आठवत असाव्यात. माणूस वाईट नाही. रागावले असते तर मला बोलता तरी आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, "गाडी कितीची असती?"

"साडेआठची."

"मी सोडीन फाट्यावर," ते म्हणाले, आणि उठून स्वतःच चार्जर शोधायला गेले.

ती आली. मी कडेची खुर्ची घेतली होती. तिने पाय वर घेतले, पदर ओढला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मी तिच्याकडे वळून बघितलं नाही. झोपली की नुसती पडून राहिली, तो तिचा प्रश्न होता. बाहेर आल्यावर पाववडा खाता खाता ती म्हणाली, "भाऊ, तिकीट कुठं काढायचं तेवढं दाखव मला. आणि त्या सरकत्या जिन्यावर पाय कसा टाकायचा ते."

"का? मी असतो ना."

"तू असला की तुझ्याशी बोलावं लागतं," ताई म्हणाली.

मी तिला खिडकी दाखवली, कडेची खुर्ची कशी मागायची ते सांगितलं, आणि दोनदा जिना चढून-उतरून दाखवला. तिसऱ्यांदा ती एकटीच वर गेली आणि वरून माझ्याकडे बघून हसली. त्यानंतर दोन अमावास्या झाल्या. पहिल्या वेळी तिने बसमधून फोन करून सांगितलं की येतेय, तू येऊ नको. दुसऱ्या वेळी तेही नाही. ती नाशिकला येऊन गेली हे मला दाजींकडून चार दिवसांनी कळलं.