तळटिपा कोण वाचतंय

मी लिहिलेल्या कंधारच्या किल्ल्याच्या इतिहासाची दुसरी आवृत्ती आज नांदेडच्या घरी आली. पार्सल फोडलं आणि ताज्या शाईच्या, डिंकाच्या वासानं मला थेट कॉलेजच्या दिवसांतल्या एका व्याख्यानाला नेऊन बसवलं.

कंधारचं वाचनालय खचाखच भरलं होतं. लातूरहून आलेले व्याख्याते किल्लेदाराच्या बायकोनं खंदकात उडी घेतल्याचं रंगवून सांगत होते. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मी तो प्रसंग कादंबरीत वाचला होता, इतिहासाच्या एकाही ग्रंथात तो मला सापडला नव्हता. उभी राहून विचारलं, "सर, याला आधार काय हाय?"

ते हसले. "पोरी, आधार तळटिपांत असतो. आणि तळटिपा कोण वाचतंय?"

सगळं वाचनालय हसलं. शेजारी बसलेले बाबा मान खाली घालून पुटपुटले, "बस खाली, माय."

हसणाऱ्यांना मी कधीच माफ करून टाकलं. बाबांची ती खाली गेलेली मान मात्र विसरले नाही. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा मी निवू दिला नाही. पुस्तकात त्या व्याख्यात्यांची कथा घेतली, तळाशी, बारीक अक्षरांत, त्यांच्या नावासकट: 'ही कथा कादंबरीतली. आधार नाही.'

पहिली आवृत्ती निघाली तेव्हा त्यांचा फोन आला होता. आवाज पार थकलेला. "बाई, पुढच्या आवृत्तीत तेवढी टीप काढा. लोक नावं ठेवून राहिलेत."

"असू द्या, सर," मी म्हणाले. "तळटिपा कोण वाचतंय?"